ट्रायग्लिसराइड वाढले की तूप बंद आणि भात जास्त, हे पथ्य उलटे आहे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिबिरात कोणी ‘रक्तातली चरबी वाढली’ एवढे सांगितले की आपल्या खेड्यांत पहिले काम होते ते म्हणजे तुपाची बरणी फडताळात मागे सरकते. अंडी बंद, मटण बंद, फोडणीचे वरण बंद. मग पोट भरायचे कशाने? पोळ्या दोनाच्या चार होतात, भाताचा ढीग वाढतो, आणि ‘अंगात ताकद राहावी’ म्हणून साखरेचा एक चहा जास्तीचा. काही महिन्यांनी पुन्हा रक्त दिले की ट्रायग्लिसराइडचा आकडा खाली यायच्या ऐवजी वर चढलेला असतो आणि माणूस म्हणतो, एवढे पथ्य पाळूनही काही फरक नाही. पथ्य त्याने मनापासून पाळलेले असते. सांगणाऱ्याने ते अर्धवट सांगितलेले असते. या अर्धवटपणाविषयी हे पत्र आहे. थोडे लांबेल, पण छापावे ही विनंती.

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हे दोन्ही एकाच कागदावर येतात, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. कोलेस्टेरॉल हा शरीराला लागणारा पदार्थ आहे. पेशींचे आवरण, काही संप्रेरके आणि पित्त त्यातून बनते, आणि बरेचसे कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करते. ट्रायग्लिसराइड म्हणजे साठवलेले इंधन. खाण्याचे तेल आणि तूप हेही रसायनाच्या भाषेत ट्रायग्लिसराइडच, आणि घोळ इथेच होतो. जेवणातले तेल काही तासांत रक्तातून बाजूला होते. सकाळी उपाशीपोटी जे ट्रायग्लिसराइड मोजले जाते, ते मुख्यतः यकृताने तयार करून रक्तात सोडलेले असते. गरजेपेक्षा जास्त भात, पोळी, साखर, गूळ, दारू पोटात गेली की यकृत त्याची चरबी करते आणि व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात पाठवते. पोटाचा घेर वाढलेला असेल, इन्सुलिन नीट काम करत नसेल, तर हे कण तयारही जास्त होतात आणि रक्तातून हलतातही सावकाश. म्हणून तुपाचा थेंबही न खाणाऱ्या माणसाचे ट्रायग्लिसराइड ३०० निघू शकते.

आकडे असे वाचावेत. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड डेसिलिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. १५० ते १९९ काठावरचे. २०० ते ४९९ वाढलेले. ५०० आणि त्यापुढे खूप वाढलेले. एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० च्या खाली आणि बायकांत ५० च्या खाली गेले तर ते कमी. एलडीएलला, म्हणजे रक्तवाहिनीत साचणाऱ्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलला, मात्र सगळ्यांसाठी एकच रेषा नाही. धडधाकट माणसासाठी १०० च्या आत, धोका जास्त असलेल्यांसाठी ७० च्या आत, आणि ज्याला हार्टअटॅक किंवा लकवा होऊन गेला आहे त्याच्यासाठी ५५ च्या आत, असे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. लॅबच्या कागदावर उजवीकडे छापलेली ‘नॉर्मल’ची चौकट हृदयरोग्याला लागू पडत नाही, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे. एलडीएल ९८ आले, बाजूला चांदणी नाही, म्हणून गोळी बंद करणारे बरेच असतात, आणि त्यांचे ते ९८ गोळीमुळेच आलेले असते.

आता भारतीय माणसाच्या कागदावर फार वेळा जे दिसते ते पाहा. समजा एकूण कोलेस्टेरॉल १९८, ट्रायग्लिसराइड ३१०, एचडीएल ३२, व्हीएलडीएल ६२, एलडीएल १०४. घरातला शिकलेला मुलगा पहिली ओळ वाचतो, २०० च्या आत आहे म्हणतो आणि कागद घडी करून ठेवतो. त्याच कागदावर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. १९८ वजा ३२, म्हणजे १६६. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून गाठ धरू शकणारे जेवढे कण आहेत, त्या सगळ्यांचे कोलेस्टेरॉल यात येते. धडधाकट माणसाचे हे १३० च्या आत हवे, धोका जास्त असलेल्याचे १०० च्या आत. इथे १६६ आहे. ट्रायग्लिसराइड वाढले की एलडीएलचे कण बारीक आणि घट्ट होतात आणि संख्येने जास्त असतात. आकडा १०४ दिसला तरी त्यातला धोका १०४ चा नसतो. एचडीएलही त्याच ओढीत खाली येते. ही वजाबाकी करायला पैसे लागत नाहीत आणि जेवून रक्त दिले असले तरी ती चालते. बऱ्याच लॅब हा आकडा छापतच नाहीत, म्हणून आम्ही सांगतो की पेन घ्या आणि कागदाच्या कोपऱ्यात स्वतः लिहा.

कागदावरच्या एलडीएलबद्दल आणखी एक. बहुतेक ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. हे सूत्र १९७२ पासून चालत आले आहे आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते कामाचे राहत नाही. ट्रायग्लिसराइड ६२० असताना एकूण २४० आणि एचडीएल ३० आले, तर सूत्राने एलडीएल ८६ निघते. त्या ८६ वर विश्वास ठेवून कोणी निश्चिंत होऊ नये. अशा वेळी लॅबला ‘डायरेक्ट एलडीएल’ मागावे, किंवा नॉन-एचडीएल पाहावे. ते इथे २१० आहे.

रक्त देण्याआधीच्या चुकाही पुष्कळ. साधी कोलेस्टेरॉलची चाचणी जेवूनही चालते, पण ट्रायग्लिसराइड नीट पाहायचे असेल तर ९ ते १२ तास पाण्याखेरीज काही नको. चहा नको, बिनसाखरेचा दुधाचा चहाही नको. लग्नाची, तेरवीची, महालक्ष्म्यांची पंगत उठून दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नये. दोन-तीन दिवस रोजचे जेवण झाल्यावर द्यावे. दारू घेणाऱ्याने तेवढेच दिवस आधी दारू सोडावी. ताप, मोठे आजारपण, ऑपरेशन यांच्या काळात आकडे बदलतात. हार्टअटॅकनंतर एका दिवसाने एलडीएल खाली येऊ लागते, तेव्हाचा कमी आकडा खरा धरू नये. गरोदर बाईचे ट्रायग्लिसराइड शेवटच्या महिन्यांत दुप्पट-तिप्पट होते. ते बाळंतपणानंतर पुन्हा पाहावे. आणि ट्रायग्लिसराइड हा हलता आकडा आहे. एकाच माणसाचे आज २१० आणि पंधरा दिवसांनी १७० निघू शकते, त्यात लॅबची चूक असेलच असे नाही. एका कागदावर औषध ठरवू नये, दोनदा पाहून ठरवावे.

मात्र ५०० च्या वर गेल्यावर वाट पाहणे चुकीचे. हजाराच्या पुढे तर आकडा हृदयापेक्षा आधी स्वादुपिंडावर बेततो. असे रक्त नळीत ठेवून फिरवले की वर येणारे पाणी पिवळसर स्वच्छ नसते, दुधाळ असते. कधी कधी नळी तशीच उभी ठेवली तरी वर साय धरल्यासारखे दिसते. स्वादुपिंडाला सूज आली की दुखणे छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात सुरू होते, थेट पाठीत जाते, उताणे झोपवत नाही, पुढे वाकून बसले की थोडे बरे वाटते, आणि उलट्या थांबत नाहीत. गावात याला ‘गॅस’ म्हणून इंजेक्शन दिले जाते आणि रात्र जाते. ती रात्र महागात पडते. स्वादुपिंडाच्या सुजेची दोन मोठी कारणे पित्ताचे खडे आणि दारू. त्यांच्या खालोखाल ट्रायग्लिसराइडचा नंबर लागतो.

इथे डॉक्टर मित्रांनाही एक विनंती. रक्त दुधाळ असले की स्वादुपिंडाची सूज सांगणाऱ्या अमायलेज चाचणीचा आकडा खोटा कमी येऊ शकतो, सोडियमही खोटे कमी दिसू शकते. ‘अमायलेज नॉर्मल आहे’ एवढ्यावर पेशंटला घरी पाठवू नका. स्वादुपिंडाचीच दुसरी चाचणी, लायपेज, करा, सोनोग्राफी करा, आणि नमुना दुधाळ होता का ते तंत्रज्ञाला विचारा. तंत्रज्ञाने तर न विचारता कागदावर ठळक लिहावे. असा पेशंट उपाशी ठेवून, सलाइन लावून, लक्ष ठेवता येईल अशा ठिकाणी न्यावा लागतो. १०८ ला फोन करायला सकाळ होऊ देऊ नका. कोपर, गुडघे, ढुंगण यांवर अचानक पिवळसर डोक्याच्या बारीक पुळ्या उठल्या आणि त्या खाजेच्या औषधाने जात नसतील, तरी ट्रायग्लिसराइड तपासावे. फार वर गेले की ते कातडीवर असे दिसते.

हजाराच्या वर असताना नियम बदलतो. वर आम्ही तेलापेक्षा भात-साखरेकडे बोट दाखवले, पण या माणसांत जेवणातली चरबी रक्तातून हलतच नाही. त्यांना तेल, तूप, साय, तळण, शेंगदाण्याचे कूट हे सगळे जवळजवळ बंद करावे लागते, दारू एक घोटही नाही, आणि साखरही नाही. आकडा खाली आला की मग बाकीच्यांसारखे पथ्य. हा फरक न सांगता सगळ्यांना एकच पथ्याचा कागद वाटणे बरोबर नाही.

ट्रायग्लिसराइड वाढले तर आधी कारण शोधावे, गोळी त्यानंतर. रक्तातली साखर (मधुमेह) ताब्यात नसणे हे एक मोठे कारण. ती ताब्यात आली की ट्रायग्लिसराइड बरेच खाली आलेले दिसते, वेगळे औषध न देता. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात, म्हणून टीएसएच एकदा तरी करावी, बायकांची तर नक्कीच. लघवीतून प्रथिने जाणारा मूत्रपिंडाचा आजार, फॅटी लिव्हर, गर्भनिरोधक गोळ्या, बीपीची काही औषधे यांचाही हात असतो. सांधेदुखीवर म्हणून बिनलेबलच्या पुड्या दिल्या जातात, त्यांत स्टेरॉइड असले तर साखरही वाढते आणि ट्रायग्लिसराइडही. पेशंटने घरातल्या सगळ्या गोळ्या-पुड्या पिशवीत घालून दाखवायला आणाव्यात.

विदर्भापुरती एक गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी खोटी कमी येते. वाहकातही चाचणीच्या पद्धतीप्रमाणे ती चुकू शकते. अशा घरातल्या माणसाची साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशीच पाहावी, नाहीतर ‘साखर नॉर्मल, मग ट्रायग्लिसराइड का वाढले’ या कोड्यात वर्ष जाते.

दारूविषयी खरे सांगितले जात नाही, ही दुसरी अडचण. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, म्हणून तिथे पेशंट कबूल करायला कचरतो. मोहाची, देशी, विदेशी, सगळी यकृताला सारखीच. ज्याचे ट्रायग्लिसराइड आधीच ४०० आहे, त्याचे दोन-चार दिवस सलग पिण्याने हजारावर जाऊ शकते. डॉक्टर पोलिसांना सांगत नाही. त्याला खरे सांगा. खर्ऱ्याने ट्रायग्लिसराइड फारसे हलत नसेल, पण त्यातली तंबाखू रक्तवाहिनीला जो घाव घालते त्यावरच हे कोलेस्टेरॉल बसते. कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन वरून दिवसाला पाच खर्रे, यात गोळीचा उपयोग अर्धा मातीत जातो.

आता चूल. तेलाचा हिशेब महिन्याच्या किराण्यातून करावा, चमच्याने मोजून कोणी स्वयंपाक करत नाही. माणशी दिवसाला साधारण २५ ग्रॅम तेल पुरे. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा चार महिने चालला पाहिजे. तो दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी ५० ग्रॅम जाते आहे. साखरेचे तसेच: पाच माणसांत महिन्याला ५ किलो म्हणजे माणशी दिवसाला ३३ ग्रॅम, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांनुसार ती २५ च्या आत हवी. यात बाहेरचा चहा, बिस्किटे, पेढे धरलेलेच नाहीत. आपल्याकडचा चहा गोड असतो. कपाला दोन चमचे धरले तर पाच कपांत ४० ते ५० ग्रॅम साखर जाते. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसाने बाकी काही जमले नाही तरी चहातली साखर आधी सोडावी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर गुण देणारा बदल हाच. गूळ घातल्याने काही वाचत नाही, यकृताला गूळही साखरच.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे दोन्ही वेळा भात, तर अकोला, वाशिम, बुलढाण्याकडे ज्वारी जाऊन गव्हाची पोळी आली. ज्वारीचे आम्हाला कौतुक आहे, पण ‘ज्वारी खा म्हणजे चरबी जाते’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. ज्वारीतही पिठूळपणा जवळजवळ गव्हाएवढाच. चार भाकरी खाल्ल्या तर हिशेब चार पोळ्यांचाच होतो. ताटातले धान्य कमी करून ती जागा डाळ-उसळ-भाजीने भरायची, एवढेच खरे. भात असेल तर एक मूद, पोळी असेल तर दोन, आणि वाटीभर घट्ट वरण. पातळ फुळकवणी वरणात डाळ किती असते ते आपण सगळे जाणतो. तूर, हरभरा, मूग आपल्याच शेतात पिकतात. चून असो, वाटाण्याची उसळ असो, अंबाडीची किंवा हरभऱ्याची भाजी असो, ताटाचा अर्धा भाग त्याने भरावा. दिवसभर निंदण-खुरपण करणाऱ्या, पऱ्हाटी वेचणाऱ्या माणसाने जेवण कमी करू नये, फक्त धान्याचा काही हिस्सा डाळीकडे वळवावा. आणि साखरेची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात-पोळी एकदम कमी करण्याआधी डॉक्टरला सांगावे. डोस तोच राहिला आणि धान्य निम्मे झाले तर साखर एकदम खाली जाऊन माणूस शेतातच पडतो.

अंड्याला लोक उगाच घाबरतात. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलने रक्तातले कोलेस्टेरॉल बहुतेकांत थोडेच वाढते. एलडीएल वाढवतात ती तूप, लोणी, साय, पामतेल, वनस्पती तूप यांतली घट्ट चरबी. रोज एक उकडलेले अंडे बहुतेकांना चालते. सावजी रश्श्यावरची तर्री, पोह्यावर ओतलेली तर्री, रोडग्यावर धरलेली तुपाची धार, गोळाभातावर फिरवलेले कच्चे तेल, हे सणाला ठीक. आठवड्यातून तीनदा नको. फल्लीचे, सोयाबीनचे, जवसाचे तेल आलटून-पालटून वापरावे. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेल्या तेलाला दोन पैसे जास्त देऊ नका. वनस्पतीपासून काढलेल्या तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, महागड्याही नाही आणि सुट्याही नाही. ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण आलूबोंड्याच्या कढईत तेच तेल दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही तापत राहते, तिथे ती मर्यादा कोण पाहणार? तेल काळे पडले, फेस धरू लागले, मंद आचेवरही धूर देऊ लागले की ते खाण्याच्या कामाचे राहिले नाही.

जवस आपल्या रब्बीतले पीक आहे आणि त्याची चटणी घरोघरी होते. त्यात वनस्पतिज ओमेगा-३ आहे, चोथा आहे, एलडीएल थोडे खाली आणायला त्याची मदत होते. दिवसाला एक ते दोन चमचे पुरे, पण कुटूनच. अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात. तरीही जवस म्हणजे ट्रायग्लिसराइडचे औषध नाही. डॉक्टर ज्या ओमेगा-३ च्या कॅप्सूल देतात त्या माशांच्या तेलाच्या, आणि त्यांची मात्राही मोठी असते. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांतला मासा रश्श्यात घालून खाल्ला तर प्रथिनांसाठी उत्तम, तळून खाल्ला तर नाही. संत्री हंगामात फोडी करून खावीत, दिवसाला एखाद-दुसरे. चार संत्र्यांचा रस काढून पिला की चोथा जातो आणि साखर तेवढी राहते.

मोबाइलवर फिरणारा लिंबू, आले, लसूण, व्हिनेगर आणि मधाचा काढा रक्तवाहिनीतला ‘ब्लॉकेज’ खुला करतो, हे साफ खोटे आहे. मध म्हणजे बहुतांश साखर. ट्रायग्लिसराइड वाढलेला माणूस तो उपाशीपोटी चमचा-चमचा घेतो. लसूण भाजीत घाला, तोट्याचे नाही. पण काढ्याच्या भरवशावर छातीत दुखणाऱ्या माणसाची गोळी बंद करणे जीवावर बेतते.

गोळ्यांचे थोडे सांगतो. ट्रायग्लिसराइड ५०० च्या खाली असेल आणि माणसाला साखर, बीपी किंवा हृदयरोग असेल, तर मुख्य गोळी एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिनची: अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. चिठ्ठ्यांवर आम्हाला उलटे दिसते. ट्रायग्लिसराइड २४० म्हणून फेनोफायब्रेट हे फायब्रेट गटातले औषध लिहिलेले असते आणि चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला स्टॅटिनच नसते. फायब्रेटने आकडा खाली येतो, पण स्टॅटिनच्या जोडीला ते दिल्याने हार्टअटॅक कमी झाले नाहीत, हे २०१० च्या अॅकॉर्ड आणि २०२२ च्या प्रॉमिनंट या मोठ्या चाचण्यांत दिसले. फेनोफायब्रेटची खरी जागा ५०० च्या वर, स्वादुपिंड वाचवायला. आणि ते देण्याआधी मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन पाहावे. जेमफायब्रोझिल हे दुसरे फायब्रेट स्टॅटिनबरोबर देऊ नये, स्नायूंना इजा होऊ शकते.

स्टॅटिनने लिव्हर जाते, ही भीती वाजवीपेक्षा फार मोठी आहे. सुरू करण्याआधी लिव्हरची एसजीपीटी चाचणी पाहिली की पुरे, आणि साधे फॅटी लिव्हर असले तरी ती घेता येते. दोन्ही मांड्या-दंड सतत दुखू लागले, लघवी कोका-कोलासारखी गडद झाली, तर गोळी थांबवून लगेच दाखवावे. गरोदर राहिलेल्या किंवा राहू पाहणाऱ्या बाईने डॉक्टरला आधी सांगावे. डोस दुप्पट केल्याने एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरते, म्हणून आपल्या मनाने दोन गोळ्या घेऊ नयेत. सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त द्यावे. आकडा खाली आला म्हणून गोळी सोडली की काही आठवड्यांत तो पहिल्या जागी येतो. जनऔषधी केंद्रात ही औषधे बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दरात मिळतात. ब्रँडचा आग्रह धरून महिना बुडवण्यापेक्षा ती बरी.

एलडीएल १९० च्या वर असेल, पापण्यांवर पिवळे चट्टे असतील, टाचेमागचा कंडरा (दोरीसारखी शीर) जाड झालेला असेल, किंवा घरात कोणाला तरुणपणी हार्टअटॅक आला असेल, तर हा आनुवंशिक आजार असू शकतो. अशा माणसाच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी. यात पथ्याने भागत नाही, गोळी लागतेच.

शेवटी मागणी. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात होते, आशाताई घरोघरी जाऊन तक्ता भरतात, बीपी, साखर आणि तीन प्रकारचे कर्करोग पाहिले जातात. लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची ही तपासणी, त्यात नाही. सगळ्यांचे करा असे आम्ही म्हणत नाही, तेवढे नमुने उचलणेही झेपणार नाही. पण ज्याची साखर किंवा बीपी वाढलेले निघाले, ज्याच्या कमरेचा घेर पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटिमीटरच्या वर आहे, किंवा ज्याच्या घरात लवकर हार्टअटॅक झाला आहे, त्याचे लिपिड प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच, त्याच फेरीत व्हावे. कागदावर नॉन-एचडीएल छापून यावे, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हिशेबाचे एलडीएल छापू नये, आणि ५०० च्या वरचा प्रत्येक कागद त्याच दिवशी फोन करून आशाताईपर्यंत पोहोचावा. आज तो कागद पंधरा दिवस केंद्राच्या टेबलावर पडून राहू शकतो. शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनीही रक्त घेण्याआधी ठरवावे की निकाल कोण समजावून सांगणार आणि कोणत्या तारखेला; ते ठरत नसेल तर त्या दिवशी फक्त बीपी आणि वजन पाहावे.

आपले,
ग्रामीण भागात काम करणारे काही डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व आहारतज्ज्ञ
जि. यवतमाळ